दोन हातांमधली कोरी जागा

आमच्या डब्लिनच्या अपार्टमेंटमध्ये सगळ्यात बडबडं कोण होतं, तर हीटर. डब्लिन म्हणजे ओहायोमधलं हां, आयर्लंडपर्यंत जाऊ नका. आधी जमिनीतल्या जाळीखाली 'टक्' व्हायचं, मग दोन सेकंद गप्प, आणि मग असा लांबलचक श्वास सुटायचा की खिडकीचा पडदा फुगून परत बसायचा. मी शाळेतून आले की ब्लँकेटचा तंबू करून त्या जाळीवर बसायचे आणि सगळी गरम हवा एकटी खायचे. बाहेर पार्किंग लॉट, त्यावर बर्फ. हिवाळ्यात एक गंमत व्हायची. ऊन बर्फावर पडून खालून वर यायचं आणि थेट आमच्या छताला लागायचं. सगळ्यांचे चेहरे हनुवटीकडून उजळलेले. आई इलेक्ट्रिकच्या शेगडीवर थालीपीठ लावत असायची, तिच्या गळ्याखाली उजेड आणि कपाळावर सावली, आणि मला वाटायचं की ही माझी आई नाहीच, हिच्यासारखी दुसरीच कुणीतरी बाई आहे. मग तेल तापायचं, स्मोक अलार्म बोंबलायचा, आई टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचायची, आणि ती परत माझीच आई व्हायची.

मी तेव्हा सोळा वर्षांची. आत्ता हे टाइप करताना मी जवळजवळ आईच्या तेव्हाच्या वयाची झालेय, आणि खरं सांगू, हे विचित्र आहे. तेव्हा मला वाटायचं आई म्हणजे एक पूर्ण झालेली गोष्ट आहे. आता कळतंय की चाळिशीतही माणूस अर्धवटच असतो यार. आईचा व्हिसा बाबांवर अवलंबून होता, म्हणजे इथे राहायला परवानगी पण नोकरी करायला नाही. कराडला ती बँकेत होती. इथे ती दुपारभर घरात. इंग्लिश तिला सगळं कळायचं, टीव्हीवरचे विनोद माझ्याआधी कळायचे, पण बोलायची वेळ आली की ती माझ्याकडे बघायची आणि मी बोलायचे. दुकानात, डेंटिस्टकडे, शाळेत, सगळीकडे. मला त्याचा वैताग यायचा आणि थोडा माजही होता. दोन्ही होतं.

आईचे वडील, म्हणजे माझे नाना, कराडच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचे. लग्नाची भांडी, वास्तुशांतीची भांडी, कुणाच्या स्मरणार्थ दिलेले पेले. छोटी हातोडी, छोटी छिन्नी, टिक टिक टिक टिक. आई शाळेतून तिथे जायची आणि पेन्सिलीने भांड्यावर अक्षरं आखून द्यायची, नाना त्यावरून छिन्नी चालवायचे. फावल्या वेळात ते ग्रामपंचायतींचे, सोसायट्यांचे शिक्के कोरायचे. आमच्या घरातल्या प्रत्येक वाटीवर नानांच्या हातचं नाव होतं, आणि त्याचा अमेरिकेत प्रचंड उपयोग. कारण मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, पन्नास घरांची भांडी एकत्र होतात आणि सगळी स्टीलची. शुभदाकाकू, ज्यांच्या घरी दर महिन्याला ही जत्रा भरायची, त्या शेवटी ओट्याशी उभं राहून ओरडायच्या, "हे 'चि. सौ. कां.' कोणाचं आहे? नेत नसाल तर मी ठेवून घेते हां!" आणि आई लाजत हात वर करायची.

तर त्या हिवाळ्यात कोलंबसमधल्या एका कॉलेजच्या म्युझियमने शाळेत एक पत्रक लावलं. त्यांच्याकडे जुन्या छापील चित्रांची एक खोली होती, आणि उन्हाळ्यात तिथे दोन मुलांना काम करायला मिळणार होतं. अट अशी की त्यांच्या यादीतलं एक चित्र निवडायचं आणि दहा मिनिटं त्यावर बोलायचं. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं: फक्त स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सांगा, पुस्तकातलं नको, इंटरनेटवरचं नको, दुसऱ्या कुणाचं नको. मी तर वेडीच झाले. मला चित्रं इतकी आवडायची की मी नाश्त्याच्या सिरीयलच्या खोक्यावरचीसुद्धा नीट बघायचे. पण बाबा इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे आणि त्यांचा उन्हाळा आधीच प्लॅन झालेला होता. एसएटीचा, म्हणजे कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास, सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते बारा. बाबा म्हणाले, "हे बघ केतकी, डील करू. सिलेक्ट झालीस तर क्लास कॅन्सल करतो. नाही झालीस तर क्लास, आणि हे चित्रंबित्रं कॉलेजच्या अर्जात छंदाच्या रकान्यात. बास."

"म्हणजे कायमचं?"

"कायमचं कशाला? रिटायर झालीस की काढ की चित्रं."

बाबा हसत होते, पण डील खरं होतं. बाबांची डील्स नेहमी खरी असायची.

मी निवडलेलं चित्र शाळेच्या वहीएवढं होतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, पाचेकशे वर्षांपूर्वीचं, इटलीतलं. कोणी कोरलं ते माहीत नाही. यादीत त्याचं नाव होतं 'शहर शरण येताना'. डावीकडे शहराची वेस, उघडलेली. वेशीतून एक म्हातारा बाहेर आलाय, शहराचा प्रमुख असावा, त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा. उजवीकडे घोड्यावर विजेता, रोमन सेनापतीसारखा सजवलेला, हात पुढे करून. त्याच्या मागे फौज, इतकी दाट की भाल्यांचं जंगल झालंय. एवढंच. रंग नाही, करडी छटासुद्धा नाही. फक्त काळ्या रेषा आणि कागद.

मी त्याची झेरॉक्स आणून फ्रिजला लावली, आणि दुपारी तंबूत बसून बघायचे. खूप वेळ बघितलं की काहीतरी व्हायचं, कसं सांगू, झोप आणि जाग यांच्या मधलं. आकाशात नुसत्या आडव्या रेषा होत्या, वर जवळजवळ आणि खाली येताना विरळ होत जाणाऱ्या, आणि त्या विरळ होण्यातूनच पहाट व्हायची. कुणी पहाट काढली नव्हती. फक्त रेषा काढायच्या थांबवल्या होत्या. घोड्याच्या मानेवर रेषा वळायच्या, बारीक सुरू होऊन पोटात जाड आणि परत बारीक, आणि मान गोल दिसायची, गरम दिसायची. फौजेवर रेषांवर आडव्या रेषा, त्यावर तिरक्या, गव्हाच्या चाळणीसारख्या. तिकडे बघताना डोळ्यांत अंधार भरायचा. हीटर श्वास टाकायचा, पडदा फुगायचा, आणि, शपथ सांगते, मला वाटायचं की भाले हललेत.

मग मला थिअरी सुचली! अशी थिअरी की मी तंबूतून उडीच मारली. म्हातारा किल्ल्या डाव्या हाताने देत होता. डाव्या हाताने! आपल्याकडे कुणाला साधा तीर्थप्रसाद डाव्या हाताने दिला तर आजी हातावर चापट मारते, आणि इथे माणूस अख्खं शहर डाव्या हाताने देतोय. म्हणजे हा अपमान आहे. हरलोय, पण तुला मान देणार नाही. मी यावर चार पानं लिहिली, पाठ केली, आणि बुधवारी जेवताना आईबाबांना उभं राहून म्हणून दाखवली. बोलायचं होतं शनिवारी.

बाबा वरणभात कालवत म्हणाले, "इंटरेस्टिंग. पण सॅम्पल एकच आहे गं."

आई उठून फ्रिजपाशी गेली. पदराला हात पुसत झेरॉक्सच्या अगदी जवळ जाऊन बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

"काय झालं?"

"केतू, तलवारी बघ ना. सगळ्यांच्या उजव्या कमरेला आहेत. उजव्या कमरेची तलवार कोण काढणार? डावखुरा. म्हणजे अख्खी फौज डावखुरी?"

"मग?"

"मग काय मग. छापलंय ना ते. शिक्का कोरताना नाना उलटं कोरायचे म्हणून कागदावर सुलट यायचं. ह्याने सुलट कोरलं, म्हणून उलट आलंय. म्हातारा बिचारा उजव्या हातानेच देतोय."

बाबांना ठसका लागला इतके हसले. "बग सापडला! प्रॉडक्शनच्या तीन दिवस आधी!"

मी खोलीत जाऊन दार आपटलं. मला रडायला येत होतं, कारण ती बरोबर होती आणि माझ्याकडे चार पानं होती आणि त्यांतलं एक वाक्यही आता चालणार नव्हतं. तुम्हाला सांगते, आपण जे घरून घेऊन आलेलो असतो ना, ते आपण सगळीकडे चिकटवतो. त्या इटलीतल्या माणसाला आमच्या आजीची चापट ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं.

गुरुवारी त्या खोलीत मूळ चित्र बघायची वेळ मला दिलेली होती, आणि सोबत एका माणसाला आणलेलं चालत होतं. आईने नुकतंच लायसन्स काढलं होतं, ती हायवेने पस्तीस मैलांच्या स्पीडने, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून मला घेऊन गेली. मागून हॉर्न, आई म्हणतेय, "जा बाबा, तू जा पुढे, तुझं काय अडलंय." खोलीच्या बाई, मिसेस व्हिटलॉक, पांढऱ्या केसांच्या, कार्डिगनच्या खिशात चार चष्मे. त्यांनी आधी आम्हाला हात धुवायला लावले, नीट पुसायला लावले, पेनं काढून घेतली, पेन्सिली दिल्या. आई माझ्या कानात म्हणाली, "बरंय. सोवळं आहे इथे." मग बाईंनी एक खोका आणला, त्यातून कागद काढला आणि टेबलावर ठेवून आपल्या डेस्ककडे गेल्या.

झेरॉक्स म्हणजे काहीच नव्हतं हो. खऱ्या कागदावर शाई काळी नव्हती, काळसर मधासारखी होती. चित्राभोवती कागद चौकोनी दबलेला होता, तांब्याच्या पत्र्याच्या कडेचा ठसा. मी परत त्या झोप आणि जाग यांच्या मधल्या ठिकाणी गेले. आई मात्र कामाला लागली. तिने टेबलावरचं भिंग उचललं आणि नाक कागदाला लागेल इतकी खाली वाकली. किती वेळ कुणास ठाऊक. मग हळूच मराठीत बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, जशी देवाशी बोलते तशी.

"हा देत नाहीये बघ. हात पुढे केलाय, पण बोटं मिटलेली आहेत. आणि रेघ बघ बोटांशी. इथे कोरणाऱ्याने हत्यार दाबलंय, जीव काढून दाबलंय, म्हणून जाड झालीय. मनगटाशी बारीक, पेरांशी जाड. म्हणजे आवळून धरलंय." भिंग सरकलं. "आणि हा घोड्यावरचा. ह्याच्या हाताला अगदी वरवरच्या रेघा. ठिपके ठिपके. सैल हात आहे. ह्याला रोजचंच आहे हे, किल्ल्या घेणं."

मी पेन्सिलीने भराभर लिहीत होते.

"आणि मध्ये काहीच नाही," मी म्हणाले. कारण ते मलाही दिसलं होतं. दोन हातांच्या मध्ये करंगळीच्या नखाएवढी जागा पूर्ण कोरी होती. मागे सगळी फौज, काळीकुट्ट, आणि बरोब्बर तिथेच नुसता कागद. सगळ्यात उजेड तिथे. पण तिथे उजेड पडायला कारणच नव्हतं. ऊन वेशीमागून येत होतं, ते म्हाताऱ्याच्या पाठीवर अडत होतं.

आईने भिंग त्या जागेवर धरलं. मग म्हणाली, "कोरी नाहीये."

"म्हणजे?"

"इथे माणूस होता. खोडलाय." तिने भिंग माझ्या हातात दिलं. "नाक शोध."

मला आधी काही दिसलं नाही. आणि मग, अरे देवा, दिसलं. अगदी फिकट, श्वासासारखी एक रेघ, नाकाची. मग शिरस्त्राणाची कड. मग डोळ्याचा एक कोपरा. फौजेतला एक शिपाई, दोन हातांच्या मधून थेट बघणारा. पुसलेला.

"तांब्यावरचं खोडायचं म्हणजे सोपं नसतं," आई म्हणाली. "एकदा नानांनी एका लग्नातल्या परातीवर चुकून दुसऱ्याच घरचं नाव घातलं. अख्खी दुपार घासत बसले. तरी बोट फिरवलं की लागायचंच. ह्याने पण घासलंय. मागून ठोकून पत्रा वर घेतला असेल, परत घासला असेल. एवढ्याशा जागेसाठी." मग म्हणाली, "त्याला तिथे कुणी बघायला नको होतं. तेवढ्या क्षणाला."

मी आजपर्यंत खूप म्युझियम्स बघितली आहेत, आता माझं कामच ते आहे. पण त्या टेबलावर जे झालं ते मला परत तसं कधी झालं नाही. मला वाटलं की मी त्या नखाएवढ्या उजेडात उभी आहे आणि शहर कुणाचंच नाहीये. म्हाताऱ्याने सोडलेलं नाही, घोडेस्वाराने घेतलेलं नाही, आणि आजूबाजूचा सगळा अंधार त्या कोरणाऱ्याने स्वतःच्या हाताने कोरून कोरून बनवलाय, फक्त ह्या एका ठिकाणी त्याने कोरलेलं परत घेतलंय. आई माझ्या शेजारी बसून स्वतःचे खांदे दाबत होती, वाकून पाठ धरली होती तिची.

शनिवारी मी बोलले. आणि काय बोलले! लोक चाळीसेक, पुढे मिसेस व्हिटलॉक आणि अजून तिघं परीक्षक, शेवटच्या रांगेत आईबाबा. पडद्यावर चित्र मोठं करून लावलेलं. मी विरळ होणाऱ्या रेषांची पहाट सांगितली, चाळणीचा अंधार सांगितला, पेरांशी दाबलेली रेघ, घोडेस्वाराचे सैल ठिपके. मग मी म्हणाले की ह्या चित्रात उजेड पडलेला नाहीये, तो मोकळा करून घेतलाय, इथे एक माणूस होता. सभागृहात कुजबुज झाली. मिसेस व्हिटलॉकनी एक चष्मा काढून दुसरा लावला.

शेवटी त्यांनी विचारलं, "मी हे चित्र बावीस वर्षं सांभाळतेय. मला तो शिपाई कधी दिसला नाही. तुला कसा दिसला? दाबलेली रेघ, घासलेला पत्रा, हे बघायला कुणी शिकवलं तुला?"

मी पत्रकातली ठळक अक्षरं बघितली, डोळ्यांसमोर, अगदी स्पष्ट. दुसऱ्या कुणाचं नको. मग एसएटीचा क्लास दिसला. मग बाबांचा रिटायरमेंटचा जोक. हे सगळं एका सेकंदात हां.

"कुणी नाही," मी म्हणाले. "मी फक्त खूप वेळ बघत बसले."

टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेकडे बघितलं नाही.

गाडीत बाबा नुसते सुटले होते. "काय कॉन्फिडन्स! ती म्हातारी तर सपाट! मी सांगतो, मिळालं तुला." आई पुढे बसली होती. ऑलेन्टँजी नदीवरचा पूल आला, बर्फ वितळून पाणी चॉकलेटी झालं होतं, ते ती बघत होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "छान बोललीस गं."

मी म्हणाले, "थँक्स."

"नानांचं नाही सांगितलंस."

"वेळ नव्हता ना आई."

"हो," आई म्हणाली. "दहाच मिनिटं होती."

बास. एवढंच. ती चिडली असती तर मी भांडले असते, मला भांडण मस्त जमतं. पण ती खरंच माझी बाजू घेत होती, आणि त्याने मला जे झालं ते मी अजून कुणाला धड सांगू शकलेले नाही.

पुढच्या आठवड्यात ईमेल आली. सिलेक्टेड! दोघांतली एक मी. बाबांनी लगेच क्लासला फोन करून कॅन्सल केलं, आईने शिरा केला, केळं घालून, प्रसादासारखा, आणि शुभदाकाकूंना फोनवर सांगायला लागली. मी जाळीवर बसून ऐकत होते. "हो ना, सगळं स्वतःच बघितलं तिने. नाही हो, मी कुठली, मी फक्त गाडी चालवली." आणि ती हे असं म्हणत होती की तिलाही ते पटायला लागलं होतं. मी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. मी ब्लँकेट टाकलं, बाबांच्या कॉम्प्युटरपाशी गेले आणि टाइप करायला लागले. मी तेव्हाही फास्ट टाइप करायचे, पण ती ईमेल मी आयुष्यात सगळ्यात फास्ट टाइप केली, कारण मला माहीत होतं की हळू केली तर थांबेन. तो शिपाई मी शोधला नाही. माझ्या आईने शोधला. दाबलेली रेघ पण तिची. माझी फक्त पहाट आहे. तिचे वडील भांड्यांवर नावं कोरायचे. सॉरी. मी परत वाचलीसुद्धा नाही, पाठवून दिली, आणि मग आईला जाऊन सांगितलं.

आईने गॅस... गॅस कुठला, शेगडी बंद केली. मग म्हणाली, "वेडी आहेस का तू? काढून टाकतील ना तुला!"

"टाकू देत."

"कशाला पण? मला कुठे नोकरी करायचीय तिथे?" आणि ती वळून भांडी घासायला लागली, पण एकच पातेलं, खूप वेळ.

मिसेस व्हिटलॉकचं उत्तर दोन दिवसांनी आलं. सरळ होतं. अट अट आहे, त्यामुळे जागा यादीतल्या पुढच्या मुलाला द्यावी लागेल, आणि त्यांना त्याचं वाईट वाटतं. त्याखाली एक ओळ सोडून लिहिलं होतं: खोली दर गुरुवारी दुपारी कुणालाही खुली असते, फक्त आधी कळवावं लागतं. तुझ्या आईला घेऊन येशील का? बाबांनी ती ईमेल दोनदा वाचली. डील आठवून मी म्हणाले, "क्लासला परत फोन करा." त्यांनी केला. पण छंदाच्या रकान्याचं ते परत कधी बोलले नाहीत.

तो उन्हाळा मी सकाळी आठ ते बारा शब्दार्थ पाठ केले. डोकं भणभणायचं. आणि गुरुवारी बारा वाजता आई क्लासच्या दारात गाडी घेऊन उभी, डब्यात दहीभात, आता ती पंचावन्नच्या स्पीडने जायची. पहिल्या गुरुवारी मिसेस व्हिटलॉकनी तेच चित्र काढून ठेवलं होतं. आई बसली. मी तिच्या शेजारी बसले, बोलायला तयार, नेहमीसारखी. बाई डेस्ककडे न जाता तिथेच उभ्या राहिल्या. आईने चित्राकडे बघितलं, वर छताच्या ट्यूबलाइटकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे न बघता थेट बाईंना म्हणाली, "प्लीज, कॅन यू ऑफ धिस लाइट?"

बाईंनी जाऊन बटण बंद केलं. खोलीत फक्त उत्तरेच्या खिडकीचा उजेड राहिला, तो टेबलावरून आडवा आला, आणि कागदावरच्या रेषा उभ्या राहिल्या. खरंच उभ्या राहिल्या! शाईला उंची होती, केसाएवढी, आणि प्रत्येक रेघेला स्वतःची सावली होती. पाचशे वर्षं ते नांगरलेलं रान तिथे होतं आणि आम्ही वरून सपाट बघत होतो. मिसेस व्हिटलॉकनी तोंडावर हात नेला. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या आणि आईच्या मध्ये घातली, आणि बसल्या. मला सरकावं लागलं. मग उभंच राहावं लागलं, कारण जागाच उरली नाही.

त्या आईला विचारत होत्या, हे काय, आणि हे? आई भिंग सरकवत होती, शब्द शोधत होती, सापडले नाहीत तर बोटाने हवेत कोरून दाखवत होती. वेशीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे कुणी कधी बघत नाही, तिथल्या दगडांवर ती थांबली. तिथल्या रेषा जरा वाकड्या होत्या, एकमेकींत घुसलेल्या.

"अँड हिअर?" बाईंनी विचारलं.

आईने जरा वेळ बघितलं. "हिअर," ती म्हणाली, "ही इज टायर्ड."